आधी बोलू, मग ठराव आणू

कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस काढून बघा. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, हिशोबपत्रकं मंजूर करणे, ऑडिटर नेमणे, आणि सगळ्यात खाली ती ठरलेली ओळ, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. खरी मारामारी या एका ओळीत असते. वरचे लाखोंचे आकडे लोक वेफर्स खात खात मंजूर, मंजूर म्हणत पास करतात, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं, "साहेब, माझा एक प्रस्ताव आहे." पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकदम कुरकुरायला लागतात, माइक एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो शिट्टी मारतो, कुत्रे पाळणारे एका बाजूला होतात, न पाळणारे दुसऱ्या बाजूला, आणि कुणाला काही कळायच्या आत सूचक कोण अनुमोदक कोण विचारून झालेलं असतं. हात वर. झालं, ठराव पास. पुढच्या वर्षी त्याचं काय झालं म्हणून विचारायला गेलं तर पास करणाऱ्यांनाच आठवत नाही.

म्हणून आमच्या सोसायटीत एक वाद बरेच दिवस चालला, की नवीन नियमाचा किंवा धोरणाचा कुठलाही प्रस्ताव सभेत आणण्याआधी त्यावर चर्चा झालेलीच पाहिजे अशी सक्ती करावी का. ऐकायला अगदी साधं वाटतं ना, कोण नाही म्हणेल? पण नाही म्हणणारे निघाले आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी स्वतः सक्तीच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर, आणि ती अट पाळली नाही तर मी म्हणेन की त्यापेक्षा ऐनवेळचा गोंधळ परवडला.

आधी एक गैरसमज बाजूला करू. लोक म्हणतात की नोटीस असते की, आणखी काय पाहिजे! उपविधीत लिहिलंय, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची, विशेष सभेची 5 दिवस आधी. बरोबर आहे. पण नोटिशीत काय असतं तर 'पाण्याच्या मीटरबाबत विचारविनिमय करणे' एवढी एक ओळ. ती वाचून माणूस काय तयारी करणार? कुणाचे मीटर, किती खर्च, कोण बसवणार, रीडिंग कोण घेणार, कशाचा पत्ता नाही. चौदा दिवस ती नोटीस लिफ्टशेजारी लटकते, लोक येताजाता तारीख बघतात आणि त्या दिवशी कुणाचं लग्न आहे का तेवढं तपासतात.

हे मीटरचं प्रकरण आमच्याकडेच घडलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुण्याच्या कडेकडेच्या भागात राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. उन्हाळ्यात मेंटेनन्सपेक्षा टँकरचं बिल जड होतं आणि ते सगळ्यांच्यात सारखं वाटलं जातं. आता चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, दिवसाला दोन बादल्या त्यांना पुरत असतील, आणि त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सहा पोरं भाड्याने राहतात. दोघांना सारखंच बिल. त्यामुळे आमच्यातल्या एका तरुण मेंबरने प्रस्ताव तयार केला की प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर बसवा, जो जेवढं वापरेल तेवढं भरेल. बिनतोड वाटतं की नाही? सभेत थेट आला असता तर टाळ्यांच्या कडकडाटात पास झाला असता यात मला शंका नाही, आजींचं उदाहरण दिलं की कोण विरोधात हात वर करणार.

पण तेव्हाच्या सेक्रेटरी वहिनींनी त्याला सांगितलं, "तू सभेत आण, मी अडवणार नाही, पण त्याआधी दोन रविवार खाली गेटपाशी टेबल टाकून बस आणि येईल त्याच्याशी बोल." आणि तो बसला. गडी चिकाटीचा, कोटेशन, आकृत्या सगळं घेऊन बसला.

पहिल्याच रविवारी आमचा प्लंबर, जो खरं तर पंपाचा सील बदलायला आलेला होता, तो उभ्या उभ्या ऐकत होता आणि म्हणाला, "दादा, एका फ्लॅटला एक मीटर नाही चालायचं. तुमच्याकडे किचनची लाइन वेगळ्या डक्टमधून येते, दोन बाथरूमच्या दोन डक्टमधून, फ्लशची आणखी वेगळी." म्हणजे टाकीवरून फ्लॅटमध्ये एक पाइप येतच नाही, तीन-चार ठिकाणांहून पाणी आत शिरतं. एका घराला तीन-चार मीटर. त्यातले काही डक्टच्या आत, जिथे रीडिंग घ्यायला माणूस आडवा होऊन शिरला पाहिजे. आणि सगळ्यात वरच्या मजल्याला टाकी अगदी डोक्यावर असल्यामुळे आधीच प्रेशर कमी, त्यात मध्ये मीटर घातला की शॉवरचं ठिबक सिंचन. ही माहिती आमच्या कुठल्याच मेंबरकडे नव्हती, बिल्डरच्या नकाशात असेल कदाचित पण तो नकाशा कुणी पाहिलाय.

दुसऱ्या रविवारी आणखी मजा. दोन-तीन विंगमध्ये धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी घरी जाताना थांबल्या आणि कशासाठी बसलाय विचारलं. सांगितल्यावर हसल्याच. म्हणाल्या, "पाणी वापरून नाय संपत तुमचं, टाकून संपतंय." कसं काय? तर आमच्याकडे पाणी वाचवायला म्हणून सकाळी ठरलेल्या वेळेनंतर वॉल्व्ह बंद करतात. त्या भीतीने प्रत्येक घरात पिंप, बादल्या, टोपं, कुकरसुद्धा भरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पाणी आलं की कालचं शिळं म्हणून सगळं मोरीत ओततात. घरोघर. हे कुठल्याही एक्सेल शीटमध्ये दिसलं नसतं. पाणी वाचवण्याचा आमचा उपायच पाणी घालवत होता आणि हे माहीत असणारी बाई सभेला येऊच शकत नाही, कारण ती मेंबर नाही.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. सर्वसाधारण सभेत कोण बोलणार तर सभासद, ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे तो. भाडेकरू नाही, प्लंबर नाही, वॉचमनकाका नाहीत, कामवाल्या मावशी नाहीत, आणि बऱ्याच घरांत तर नवऱ्याच्या नावावर फ्लॅट म्हणून दिवसभर घर चालवणारी बायकोसुद्धा नाही. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक आहे, पैसे ज्याचे मत त्याचं. पण ज्ञान मात्र सातबाऱ्यावर नाव बघून राहत नाही. निर्णयाची सभा बंद दाराची असते आणि असायलाही हवी, म्हणूनच तिच्याआधी एक उघड्या दाराचं बोलणं व्हायला हवं जिथे कुणीही येऊन म्हणू शकतं की अहो, हे असं नाहीये. आधी चर्चा केल्याने भांडणं कमी होतात म्हणतात, ते मला फारसं पटत नाही, आमच्याकडे तरी भांडणं तेवढीच होतात, फक्त खऱ्या मुद्द्यावर होतात.

आता दुसरी बाजू.

माझ्या एका मित्राच्या सोसायटीत हाच नियम आधीपासून आहे, फक्त जरा वेगळ्या शब्दांत. प्रस्ताव आधी कमिटीकडे द्यायचा, कमिटी त्यावर चर्चा करेल आणि योग्य वाटल्यास विषयपत्रिकेवर घेईल. वाचायला किती शहाणपणाचं. तिथल्या एका काकूंनी अर्ज दिला की प्रवेशाच्या पायऱ्यांना एका बाजूने रेलिंग बसवा आणि शेजारी छोटा रॅम्प करा, यजमानांना व्हीलचेअरवरून न्यायला दर वेळी दोन माणसं लागतात. विरोध कुणीच केला नाही हं, हे लक्षात घ्या. कुणीही नाही म्हणालं नाही. "काकू, चर्चेत आहे", "काकू, आर्किटेक्टना विचारतोय", "काकू, पुढच्या मीटिंगला घेऊ." भिजत घोंगडं. नकार मिळाला असता तर काकूंना रजिस्ट्रारकडे तरी जाता आलं असतं, पण 'चर्चा चालू आहे' याच्याविरुद्ध कुठे अपील करणार? शेवटी यजमान गेले आणि अर्ज आपोआप निकाली निघाला.

म्हणून जे सक्तीला विरोध करतात त्यांचं मला पटतं. आधी चर्चा करा हे वाक्य ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या तोंडी आलं की त्याचा अर्थ आधी आम्हाला विचारा असा होतो. आणि नवीन राहायला आलेला, एकटी बाई, भाषा वेगळी असलेला, अशा माणसाला तर ती पहिली पायरीच कड्यासारखी वाटते. त्याला सभेत उभं राहून दोन मिनिटं बोलणं सोपं, पण आधी दहा घरी जाऊन चहा पिणं अवघड, कारण त्याला कुणी चहाला बोलावतच नाही. जुने लोक मात्र सगळं चहावर ठरवून येतात आणि सभेत फक्त मम म्हणायला बसतात.

मग करायचं काय? मला या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर शहरात सापडलं नाही, ते गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव, बरेच जण मेंढा-लेखा म्हणून ओळखतात. जेमतेम शंभरेक गोंड कुटुंबांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाची. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तिथे गेले, बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार वनखात्याकडून ग्रामसभेच्या हातात आला. हे सगळं पेपरात आलेलं आहे, गावचे नेते देवाजी तोफा यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल 2025 च्या जानेवारीत गेले तेव्हाही बरंच लिहून आलं. पण मला त्यांची जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते तिच्यावर फार कमी बोललं जातं, ती म्हणजे अभ्यास गट.

मेंढ्यात ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. ग्रामसभा निर्णय घेते आणि तेही सर्वसहमतीने, बहुमताने नाही, एखाद्याचं पटत नसेल तर विषय पुढे ढकलतात पण हात मोजत नाहीत. अभ्यास गट काय करतो तर नुसता बोलतो. एखादा विषय घ्यायचा, माहिती गोळा करायची, बाहेरचा जाणकार असेल तर त्याला बोलवायचं, कुणालाही येता येतं, गावचा असो नसो. आणि महत्त्वाचं म्हणजे अभ्यास गटाला कसलाही निर्णय घ्यायचा अधिकार नाही. शून्य. मधमाश्यांचंच घ्या. पोळं जाळून मध काढायची जुनी पद्धत होती, त्यात माश्या मरायच्या. त्याच्यावर गटात अभ्यास झाला, आणि माश्या न मारता मध काढायची पद्धत गावात आली. गटाने हुकूम काढला म्हणून नव्हे.

तर माझी अट हीच. चर्चा सक्तीची करा, पण चर्चा करणाऱ्यांच्या हातात किल्ली देऊ नका. ज्याला प्रस्ताव आणायचाय त्याने आधी लोकांत जाऊन बोललंच पाहिजे, काय ऐकलं ते कागदावर लिहून प्रस्तावाला जोडलंच पाहिजे, विरोधातलंसुद्धा. पण एवढं केलं की पुढे त्याला कुणी अडवायचं नाही. सगळे विरोधात असले तरी. अध्यक्षांना आवडलं नाही तरी. चर्चेचा निष्कर्ष निघाला नाही तरी, कारण निष्कर्ष काढायचं काम सभेचं आहे. जिथे बोलायचं तिथे अडवायची ताकद नसली की लोक मोकळं बोलतात, आणि ताकदवाल्यांचा त्या जागेतला इंटरेस्टही आपोआप कमी होतो, हा एक छुपा फायदा.

तसं बघायला गेलं तर आपल्या कायद्यात या कल्पनेचे तुकडे इकडेतिकडे पडलेले आहेत, पूर्ण कुठेच नाही. सहकार कायद्याच्या कलम 76 प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी सही करून मागितली तर विशेष सभा महिन्याच्या आत बोलवावीच लागते, कमिटीच्या मर्जीचा प्रश्न नाही. त्या काकूंना हे कुणी सांगितलं असतं तर! पुनर्विकासाचं घ्या. कमिट्या परस्पर बिल्डर ठरवतात, सभासदांना विश्वासात घेत नाहीत अशा तक्रारींचा ढीग झाला तेव्हा सरकारने कलम 79अ खाली 3 जानेवारी 2009 ला निर्देश काढले, मग 4 जुलै 2019 ला ते बदलून नवीन काढले. त्यात टप्पे पाडून दिलेत, आधी नुसतं पुनर्विकास करायचा की नाही यावर सभा, मग आर्किटेक्टचा प्रकल्प अहवाल, तो सभासदांना बघायला ठेवायचा, त्यांच्या लेखी सूचना सभेआधी घ्यायच्या, सभेचं व्हिडिओ शूटिंग करायचं. म्हणजे घर पाडायचं म्हटल्यावर सरकारलाही आधी चर्चा आठवली. ग्रामपंचायतीतही ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, हेतू किती चांगला, पण गावाकडे ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये की अनेक ठिकाणी ती सभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. सक्ती केली की सही मिळते, बोलणं मिळेलच असं नाही. हा धोका माझ्या सूचनेलाही आहेच, नाही असं कसं म्हणू.

आणि गोव्याचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. 2006 मध्ये प्रादेशिक आराखडा 2011, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय होणार हे ठरवणारा 2011 पर्यंतचा आराखडा, अधिसूचित झाला आणि लोकांना कळलं की डोंगर, शेतं, सगळं वसाहतीसाठी रंगवलंय. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि 2007 च्या जानेवारीत सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. मग पुढच्या आराखड्याच्या वेळी, ज्याच्या टास्क फोर्सवर आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया होते, उलटा मार्ग धरला, मसुद्याचे नकाशे गावोगाव पंचायतींकडे पाठवले, गावांनी बसून सूचना केल्या. सुंदर. पण अंतिम आराखडा आला तेव्हा आम्ही सांगितलेलं एक आणि छापलेलं भलतंच अशा तक्रारी सुरू झाल्या, आणि 2012 मध्ये नवीन सरकारने तोही स्थगित ठेवला. लोकांना विचारलं, पण विचारून त्यांच्या उत्तराचं काय केलं हे सांगितलं नाही, की असं होतं. न विचारल्याचा राग एकदाच येतो, विचारून बाजूला टाकल्याचा राग पुढच्या वेळी विचारायला आलेल्या माणसावरही निघतो.

म्हणून कागदावर लिहून प्रस्तावाला जोडायचं म्हणतो मी. काय सूचना आल्या, कुठली घेतली, कुठली नाही आणि का नाही. अर्ध्या पानात होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेली चर्चा मी यात धरत नाही, सॉरी. तिथे तीच पाच माणसं रात्री अकराला बोलतात, बाकीचे सकाळी उठून शंभर-दीडशे मेसेज बघून ग्रुप म्यूट करतात, आणि नंतर सभेत कुणीतरी छाती ठोकून सांगतं की ग्रुपवर यावर सविस्तर चर्चा झालेली आहे.

वेळेचंही बंधन हवं. आपल्याकडे चर्चेचं गुऱ्हाळ एकदा सुरू झालं की रस संपला तरी चरक फिरत राहतो. ठरावीक मुदत, समजा तीन आठवडे, संपली की संपली, मग प्रस्ताव आहे तसा सभेत जाणार. आणि खरंच तातडीचं असेल, पंप जळला, भिंत पडायला आलीय, तर तिथे कसली चर्चा, आधी दुरुस्ती करा. ती तातडी आहे हे मात्र नंतर सभेला सांगावं लागेल, नाहीतर उद्या दिवाळीची रोषणाईसुद्धा तातडीची होईल. हे मी हवेत बोलत नाहीये.

आमच्याकडे शेवटी घरटी मीटर झाले नाहीत. त्या मुलाने स्वतःच प्रस्ताव बदलला, प्रत्येक विंगच्या टाकीला एकेक मीटर, टाकीचा बॉलकॉक बदलायचा कारण एका विंगची टाकी रोज पहाटे भरून वाहत होती, आणि वॉल्व्ह बंद करण्याची वेळ महिनाभर प्रयोग म्हणून काढून टाकायची. सोबत एक पान जोडलं होतं, त्यात प्लंबरचं म्हणणं होतं, मावशींचं होतं, आणि ज्यांना घरटी मीटरच हवे होते त्या तिघांचंही होतं. सभेत तरीही कडाक्याचं भांडण झालं. वॉल्व्ह उघडा ठेवला तर टँकर दुप्पट लागतील असं एक गट म्हणत होता, मतदान झालं, थोड्या मतांनी पास. आजींचं बिल थोडं कमी झालं, फार नाही. सहा पोरं दुसरीकडे राहायला गेली आणि तिथे आता चार जणांचं कुटुंब आलंय ज्यांच्याकडे रोज दोनदा वॉशिंग मशीन लागतं.

आधी बोलण्याचा नियम मात्र त्याच सभेत मांडला गेला, त्यावरही आधी दोन रविवार टेबल टाकून, आणि पास झाला. कमिटीला अडवण्याचा अधिकार नाही हे वाक्य घालायला बराच विरोध झाला, माजी अध्यक्षांनी तर विचारलं की मग कमिटी हवीच कशाला. सध्या लिफ्टशेजारी नवीन कागद लागलाय, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट द्यावेत का. खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'मीटरचा लोड पुरेल का ते आधी वायरमनला विचारा.' त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, 'विचारलं, नाही पुरत.' आणि त्याच्याखाली लहान मुलाच्या अक्षरात, 'सायकलला पण जागा द्या.' ते शेवटचं कुणीतरी खोडायला निघालं होतं, वॉचमनकाकांनी खोडू दिलं नाही, म्हणाले आलेली सूचना आहे, राहू द्या.